कूलर म्हणतो घूंऽऽऽ, हेडफोन म्हणतो शूऽऽऽ!

माहीत आहे का, नॉइज-कॅन्सलिंग हेडफोनच्या जाहिरातीतला माणूस इतक्या वेळा विमानात का बसलेला असतो? कारण विमानाची घरघर हे या यंत्राचं सगळ्यात आवडतं खाणं. एकसुरी, खर्जातली, तासन् तास न बदलणारी!

आता झटपट क्विझ. अशीच घरघर केळापूर तालुक्यात घरोघरी कोण पुरवतं?

बरोब्बर. कूलर! मे महिना, पारा पंचेचाळिशीला भिडलेला, खिडकीत पत्र्याचा कूलर, आत भिजलेल्या ताट्या आणि पंख्याचा अखंड घूंऽऽऽ. विमानतळ गाठायला पांढरकवड्याहून थेट नागपूरला जावं लागतं. कूलर मात्र बाजेच्या उशाशीच.

म्हणून आजचा फंडा एकच. तीस-चाळीस हजारांचा वायरलेस हेडफोन घ्यायचा असेल, तर त्याची परीक्षा आपल्या आवाजांवर, आपल्या उन्हात आणि आपल्या गाण्यांवर घ्यायची. विमान गेलं उडत! चला, पहिला पेपर.

गोंगाटाचा पेपर

माहीत आहे का, तुम्हाला शांतता मिळावी म्हणून हा हेडफोन स्वतःच आणखी आवाज काढतो? कपाच्या आत-बाहेर बारीक माइक बसवलेले असतात. ते घरघर टिपतात, चिप त्या घरघरीची नेमकी उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानाशी सोडतो. कूलरच्या लाटेला जिथे चढ, तिथे हेडफोनच्या लाटेला उतार. दोघी भेटल्या की हिशेब चुकता! सोनीच्या २०२५ च्या डब्ल्यूएच-१००० एक्सएम ६ या मॉडेलमध्ये असे १२ माइक आहेत. कान दोन, माइक बारा. आवाजाचे तीन-तेरा!

मग सगळेच आवाज का पुसले जात नाहीत? मोजपट्टी काढा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. १०० हर्ट्झच्या घरघरीची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, म्हणजे बाजेपेक्षाही मोठी. १०,००० हर्ट्झच्या चिरचिरीची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. लांब लाट पकडायला चिपला सवड मिळते. बारक्या लाटेत मात्र जरा उशीर झाला, की चढावर चढच बसतो आणि आवाज उलट वाढतो. त्यामुळे वाटणी ठरलेली आहे. साधारण हजार हर्ट्झच्या खालचं काम चिपचं, वरचं काम कपाच्या जाड गादीचं.

आता चला पांढरकवडा बसस्थानकावर. माहीत आहे का, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली? तेव्हापासून आजपर्यंत लालपरीत दोन आवाज एकत्र प्रवास करतात : इंजिनाचा खर्ज आणि खिडकीच्या काचांचा खडखडाट. चांगला हेडफोन चढवा, बटण दाबा. इंजिन गुल! आणि खडखडाट? तो पहिल्यापेक्षा जास्त ऐकू येतो! हेडफोन बिघडलेला नसतो. इंजिनाच्या खर्जाखाली इतका वेळ झाकून राहिलेली काच आता एकटीच वाजायला लागते, इतकंच.

म्हणून माझा आग्रह आहे की दुकानातल्या एसीत बसून या हेडफोनचं मार्कशीट भरू नका. दुकानदार भाऊला विनंती करा, पाच मिनिटं बाहेर रस्त्यालगत उभं राहू द्या. त्या पाच मिनिटांत जे कळतं ते डब्यावरच्या छापील आकड्यांत सापडत नाही.

बाजाराच्या दिवशी तर आणखी मजा. केळापूर म्हणजे तेलंगणाच्या सीमेला खेटलेला तालुका. एकाच बाजारात वऱ्हाडी मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि गोरमाटी कानावर पडते. माहीत आहे का, यातली कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे आणि कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे? उरलेल्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. हेडफोनच्या चिपला मात्र या पाचही भाषा सारख्याच अवघड! माणसाचं बोलणं क्षणाक्षणाला बदलतं आणि घरघरीपेक्षा वरच्या पट्टीत चालतं. चिप ते थोडं मऊ करते, पुसू शकत नाही. भावाची घासाघीस तुम्हाला ऐकू येणारच.

रात्री एखाद्या कोलाम पोडावर मुक्काम असेल, तर रातकिड्यांचाही पेपर घ्या. रातकिड्याची किर्रर्र साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास वाजते. चाळीस हजारांची चिप तिथे हात टेकते! जे काही अडतं ते फोमच्या गादीमुळे. कुकरच्या शिट्टीचंही तसंच. म्हणजे हेडफोन लावून भजन ऐकत बसलात तरी वरणाची तिसरी शिट्टी चुकायची भीती कमीच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. हा कापसाचा पट्टा आहे, इथे जिनिंगमध्ये दिवसभर यंत्रांच्या गराड्यात काम करणारी माणसं आहेत. गाण्याचा हेडफोन हे कान वाचवायचं साधन नव्हे. कारखान्यात कानसंरक्षक म्हणून तपासून प्रमाणित केलेले इअरमफ वेगळे मिळतात. तिथे तेच हवेत. फटाक्यांच्या धडाक्यालाही हेच लागू. अचानक फुटणाऱ्या आवाजासाठी चिपकडे वेळच नसतो.

वाघोबासाठी साउंडप्रूफ!

माहीत आहे का, पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हा देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग आहे? श्रीनगर ते कन्याकुमारी! आणि याच महामार्गावर, नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात, आवाज कमी करायची व्यवस्था आहे. हेडफोनवाली चिप नाही, सरळ भिंती! महाराष्ट्राच्या हद्दीत तिथे वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाण्यासाठी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंदीचे ९ मार्ग ठेवले आहेत आणि वरच्या गाड्यांचा आवाज व उजेड खाली जाऊ नये म्हणून कडेला अडथळे उभारले आहेत. वाघ त्या मार्गांतून जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेलेत. वर ट्रकचं हॉर्न ओके प्लीज, खाली वाघाचं वॉक ओके प्लीज!

वाघाचा विषय निघालाच आहे, तर टिपेश्वर अभयारण्य आपल्या दारातच. माहीत आहे का, वाघाच्या डरकाळीचा काही भाग माणसाला ऐकूच येत नाही? आपले कान साधारण २० हर्ट्झपासून सुरू होतात. संशोधकांना वाघाच्या आवाजात १८ हर्ट्झ आणि त्याखालचेही सूर सापडलेत. आता जोडा दोन आणि दोन. नॉइज-कॅन्सलिंग सगळ्यात जास्त काय गिळतं? खर्ज! म्हणून टिपेश्वरच्या सफारीत हेडफोन बॅगेतच राहू द्या.

आणि वायरलेसचा विक्रम? तोही टिपेश्वरचाच म्हणा! इथल्या एका तरुण वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. त्या जूनमध्ये तो निघाला, यवतमाळ सोडलं, तेलंगणाला स्पर्श केला, परत वळला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरहून अधिक! लोकांनी त्याला नाव दिलं ‘वॉकर’. आपला ब्लूटूथ दोन खोल्या ओलांडल्या की अडखळतो आणि हा पठ्ठ्या जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत उपग्रहाला पत्ता कळवत राहिला.

मधल्या सुट्टीत थोडा इतिहास

आवाजाने आवाज मारायची कल्पना किती जुनी असेल? ट्रान्झिस्टरपेक्षाही जुनी! जर्मनीच्या पॉल लुएग यांना या युक्तीचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. कल्पना फर्स्ट क्लास, पण तिला साथ देणारी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा जन्माला यायची होती.

मग १९७८. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. विमानात मिळालेला हेडफोन लावला, पण इंजिनाच्या घरघरीत गाणं बुडून गेलं. बोस यांनी कागद ओढला आणि बोस्टन येईपर्यंत गणित मांडून टाकलं. माहीत आहे का, या बोस यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेत गेलेले बंगाली क्रांतिकारक होते? वडिलांनी सरकारची झोप उडवली, लेकाने जगाला झोपेची सोय करून दिली!

गणित एका प्रवासात, पण माल बाजारात यायला ११ वर्षं. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीला आला आणि तुमच्या-आमच्यासाठीचा ‘क्वायटकम्फर्ट’ २००० मध्ये. त्याआधी एक थरारक ट्रायल झाली होती. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कुठेही न उतरता, वाटेत इंधनही न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली. ९ दिवस, ३ मिनिटं, ४४ सेकंद! कानांवर होते बोसचे प्रयोगातले हेडसेट.

आधुनिक हेडफोनचा जन्म कुठला? स्वयंपाकघरातला! अमेरिकेत युटा राज्यात नथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन जुळवले आणि १९१० मध्ये ते अमेरिकन नौदलाकडे पाठवले. नौदलाला ते पसंत पडले. लंडनकर तर त्याच्याही आधी शहाणे निघाले. १८९५ पासून तिथे ‘इलेक्ट्रोफोन’ सेवा होती. वर्षाला पाच पौंड भरा आणि घरबसल्या टेलिफोनच्या तारेवर ऑपेरा ऐका. सबस्क्रिप्शनवर संगीत, व्हिक्टोरिया राणीच्या काळात!

आणखी एक गंमत. १ जुलै १९७९ ला जपानमध्ये आलेल्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकण्यासाठी. शिवाय एक नारिंगी ‘हॉटलाइन’ बटण! ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकमधून समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. आजच्या हेडफोनमधल्या ‘ट्रान्स्परन्सी मोड’ची ही आजीबाई. पांढरकवड्याला महामार्ग ओलांडायचा असेल तेव्हा हा मोड कामाचा. पण मी म्हणेन की रस्ता ओलांडताना हेडफोन गळ्यात आणि गाडी चालवताना बॅगेत. ट्रकच्या इंजिनाचा खर्ज हाच तर आधी गायब होतो!

डोक्याचा पेपर

प्रीमियम हेडफोनमध्ये पैसे नेमके कशाचे? अर्धे आवाजाचे, अर्धे आरामाचे. सोनीच्या एक्सएम ५ चं वजन सुमारे २५० ग्रॅम. अॅपलच्या एअरपॉड्स मॅक्सचं सुमारे ३८५ ग्रॅम. भारतात तो ५९,९०० रुपयांना आला होता. म्हणजे पैसे जास्त मोजा, वजनही जास्त पेला! त्याचं धातूचं काम देखणं आहे, वादच नाही. पण रोज दोन-तीन तास ऐकणाऱ्या माणसाला मी हलक्याच हेडफोनकडे पाठवीन. पावशेरात भागत असेल तर दीडपावाच्या पुढे कशाला?

माहीत आहे का, तुमच्या चष्म्याची काडी चाळीस हजारांवर पाणी फिरवू शकते? गादी कानाभोवती घट्ट बसली तरच खर्ज आत राहतो आणि गोंगाट बाहेर. जाड काडीमुळे फट पडली की बास गळतो, शांतताही गळते. तेव्हा ट्रायल घेताना स्वतःचा नेहमीचा चष्मा हवाच. अंबाडा, डोक्यावरचा रुमाल, मोठी कर्णफुलं, सगळं रोजच्यासारखंच असू द्या. मान हलवून बघा, खाली वाका, पाणी प्या. जबडा हलला की गादी सरकते का, तेही कळतं.

काहींना बटण दाबताच कानाला दडे बसल्यासारखं वाटतं. घाट चढताना वाटतं ना, अगदी तसं. पण हवेचा दाब तसूभरही बदललेला नसतो! खर्ज एकदम नाहीसा झाल्यावर मेंदूला दाब बदलल्याचा भास होतो. बहुतेकांना सवय होते, काहींना होतच नाही. म्हणून अर्धा तास लावून बसल्याशिवाय पाकीट काढू नका.

आणि घडीचं महाभारत! एक्सएम ४ ची घडी व्हायची, एक्सएम ५ ची होईना, ग्राहक कुरकुरले आणि एक्सएम ६ ला घडी परत आली. एअरपॉड्स मॅक्सला तर बंद करायचं बटणच नाही! चेन लावताना फुगणाऱ्या बॅगा घेऊन एसटीत चढणाऱ्यांनी घडीला पुरे मार्क द्यावेत.

उन्हाचा पेपर

हा पेपर विदर्भ स्पेशल. माहीत आहे का, अॅपल आपले एअरपॉड्स ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगतं? पस्तीस! आपल्याकडे मे महिन्यात तो आकडा सकाळीच मागे पडतो. घाबरू नका, हेडफोन वितळत नाही. पण लिथियम-आयन बॅटरीला उष्णतेचं वावडं असतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या छपराखाली हेडफोन पडून राहिला की बॅटरीचं आयुष्य झिजत जातं. ठेवायची जागा म्हणजे घरातला गार कोपरा. आणि चार्जिंग? उन्हातून आल्या आल्या नको, थंड झाल्यावर.

कान झाकणारा हेडफोन म्हटला की घाम आलाच. कातड्यासारख्या गुळगुळीत गादीत घाम साठतो, जाळीदार कापडी गादीत हवा खेळते. मात्र कापडातून थोडा आवाजही ये-जा करतो. इथे प्रत्येकाने आपापला तह करावा. कूलरच्या झोतात बसून ऐकणार असाल तर गुळगुळीत गादी चालेल. ऐकून झाल्यावर कोरड्या कपड्याने पुसून घ्या, बस्स.

बॅटरीचं रेसकार्ड बघायचंय? नॉइज-कॅन्सलिंग चालू ठेवून एअरपॉड्स मॅक्स २० तास, बोसचा पहिल्या पिढीचा क्वायटकम्फर्ट अल्ट्रा २४ तास, सोनी एक्सएम ५ आणि ६ दोन्ही ३० तास. आणि सेनहायझरचा मोमेंटम ४? तब्बल ६० तास! आकडे कंपन्यांचे आहेत, आवाज वाढवला की कमी होतात. तरी ज्याच्या गावात वीज लपाछपी खेळते त्याने हा कॉलम सगळ्यात आधी वाचावा. भारनियमनात कूलरही बंद, मग गोंगाटच नाही. नॉइज-कॅन्सलिंग बंद करा आणि आणखी तास कमवा!

आता गाणं लावा!

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत इथेच आहे. परदेशी परीक्षणांत हेडफोन इंग्रजी गाण्यांवर तपासलेले असतात. आपण काय ऐकतो? अभंग, भावगीत, लावणी, नाट्यपद, अजय-अतुल! तर परीक्षाही त्यांचीच.

पहिला परीक्षक डग्गा. माहीत आहे का, तबल्यावर सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी संशोधन केलंय? नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी, १९२० मध्ये, ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत! साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याच्या पुडीवर शाईचा थर असल्यामुळे ते सुरात येतात, हे त्यांनी दाखवलं. आता हेडफोनवर ऐका. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड गोल, सरकती ऐकू येते का? की नुसता धप्प आवाज? धप्प असेल तर बास फुगवलेला आहे. पार्टीत खपून जाईल, पंडितजींच्या मैफलीत नाही.

दुसरा परीक्षक तानपुरा. जवारी नीट लागलेल्या तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. बारीक उपस्वर एकामागून एक उमलत जातात. हेडफोन मधल्या सुरांत कच्चा असेल, तर तानपुरा नुसता गुणगुणतो आणि गायकाच्या मागे विरून जातो. भीमसेन जोशींचं कुठलंही चांगलं ध्वनिमुद्रण लावा आणि दोन ओळींमधल्या शांततेत तानपुरा शोधा. सापडला की समजा, पासिंगचे मार्क मिळाले.

तिसरा परीक्षक सगळ्यात निर्दयी : टाळ! अभंगात टाळ खणखणीत वाजावा, पण कान किटू नयेत. पहिल्या मिनिटाला झगमगीत वाटणारा हेडफोन तिसऱ्या अभंगाला डोकं उठवत असेल, तर वरचे सूर नको तितके वाढवलेत. बहुतेक कंपन्यांच्या अॅपमध्ये इक्वलायझर असतो, तिथे वरची पट्टी थोडी खाली ओढून बघा. तेवढ्याने भागलं तर उत्तम.

फायनलला सैराट! माहीत आहे का, २०१६ च्या या मराठी चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी सिंफनी ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर केलं? एमजीएम स्टुडिओच्या जमान्यात याच स्टेजवर १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत मुद्रित झालं होतं. करमाळ्याची गोष्ट, हॉलीवूडची व्हायोलिनं! शीर्षकगीतात डावी-उजवीकडे पसरलेली व्हायोलिनं, मधोमध गायक आणि खाली ताल, हे तिन्ही थर वेगवेगळे दिसले पाहिजेत. हो, दिसले! चांगला हेडफोन कानांना डोळे देतो. सगळं एकाच ढिगाऱ्यात ऐकू आलं तर हेडफोन परत डब्यात.

वायरलेसमध्ये गाणं पूर्ण पोचतं का? सीडीवरचं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट वाहून आणतं. ब्लूटूथवर सोनीचा एलडीएसी कोडेक जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेतो, तर सर्वसाधारण एसबीसी कोडेक साधारण ३२८. पण थांबा, आयफोनला एलडीएसी चालतच नाही! तो एएसी वापरतो. म्हणजे एलडीएसीच्या लेबलसाठी जादा पैसे मोजण्याआधी खिशातला फोन बघा. आणि खरं सांगायचं तर, एसटीत बसल्यावर कोडेकमधल्या फरकापेक्षा गादीची घट्ट बसणी कितीतरी जास्त ऐकू येते. मी मार्क बसणीला देतो.

सिनेमा बघणाऱ्यांसाठी टीप. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा मागे राहतो. सिनेमाचं अॅप तो उशीर बहुतेक भरून काढतं, गेममध्ये मात्र गोळी आधी सुटते आणि धाड नंतर येते. डब्यात वायर मिळत असेल तर फेकू नका. वायरला उशीर माहीत नाही!

कानाचं बँक खातं

माहीत आहे का, प्रत्येक कानात जन्मतः फक्त सोळा हजारांच्या आसपास केशपेशी असतात आणि मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सरळ आहे. ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास. ९० वर फक्त ४ तास. आणि १०० वर? २० मिनिटं, आठवड्यातून!

इथेच नॉइज-कॅन्सलिंगचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि जाहिरातीत तो क्वचितच सांगतात. साधा हेडफोन लावून एसटीत बसलेला माणूस इंजिनावर मात करायला आवाज वाढवत नेतो. इंजिनच गप्प केलं की तेच गाणं कमी आवाजात छान लागतं. म्हणून ट्रायलमध्ये हेही बघा : कूलरसमोर तुम्ही स्वतःहून आवाज किती घरांनी कमी करता? जो हेडफोन तुमचं बोट खालच्या बाजूला नेतो तो माझ्या लेखी पहिला नंबर. घरी लहान मुलं हाच हेडफोन लावणार असतील, तर फोनमधली आवाजाची कमाल मर्यादा आजच लावून टाका, प्लीज.

आपल्याकडे कायदाही आहे बरं का. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात रात्री ४०. लग्नसराईतल्या डीजेच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे आकडे पाठच करावेत.

आणि शांततेचा विश्वविक्रम? अमेरिकेत मिनियापोलिसच्या ऑरफिल्ड प्रयोगशाळेतली खोली, उणे २४.९ डेसिबल, गिनीज बुकात नोंद २०२१ ची. उणे कसं? शून्य डेसिबल म्हणजे आवाज संपला असं नव्हे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज तो. त्याखालीही आवाज असतो, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. त्या खोलीत माणसाला स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. आपल्या हेडफोनमध्ये मात्र बारीक फुसफुस ऐकू येऊ शकते, माइक आणि चिपचीच ती. शांत खोलीत, गाणं न लावता, बटण चालू-बंद करून ती नक्की ऐका. खटकली तर मॉडेल बदला.

पैसे मोजायच्या आधी दुकानात आणखी थोडं बोलून घ्या. गाद्या घामाने आणि वापराने झिजतात, तेव्हा सुट्या गाद्या मिळतात का आणि केवढ्याला? सर्व्हिस सेंटर यवतमाळला की नागपूरला? वॉरंटी भारतातली आहे की परदेशातून कुणी आणलेला पीस आहे? माहीत आहे का, १९५८ मध्ये पहिला स्टिरिओ हेडफोन काढणारी कॉस कंपनी अमेरिकेत आपल्या हेडफोनवर आयुष्यभराची वॉरंटी देते? आपल्याकडे बहुतेक ब्रँडवर एक वर्ष मिळतं, त्यामुळे पक्कं बिल घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये टाकून ठेवा. थर्मल कागदावरची शाई आपल्या उन्हाळ्यात हेडफोनच्या आधी उडते!